फिनेलनानांचं शेवाळ

शेवाळाबद्दल नानांचं मत आयुष्यभर एकच होतं: दिसलं की घासायचं. वय झालं की माणसाची मतं सैल होतात म्हणतात, पण नानांची मतं वजनमापे खात्यात तयार झालेली होती, ती शेवटपर्यंत किलोला किलो भरत राहिली. ते निवृत्त झाले, खात्याने त्यांना हार घातला आणि इमारतीने त्यांच्या गळ्यात सेक्रेटरीपद घातलं. तेव्हापासून जिन्यात कुठे डाग दिसला की नाना स्वतः बादली घेऊन उतरत आणि मग निम्मी इमारत दिवसभर नाकाला रुमाल लावून फिरे. सगळे त्यांना फिनेलनाना म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं नाना, तेही पायपुसण्यावर पाय पुसून झाल्यावर.

आणि अशा माणसाची एकुलती एक मुलगी शेवाळावर संशोधन करत होती. "मी ज्याच्यावर ब्लीचिंग पावडर ओततो त्याच्यावर ही डॉक्टरेट करतेय," असं नाना चारचौघांत सांगत आणि चारचौघं हसत. त्यातल्या एखाद्याने पुढे विचारलं, "म्हणजे नेमकं काय करते हो?" की नाना घड्याळ बघत आणि पाणी सोडायची वेळ झाली म्हणून उठत. पाणी सोडायची वेळ झालेली नसे. पुढचं त्यांना माहीत नसे, एवढंच.

माहीत नसायला कारण होतं. मुलगी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, संशोधन संस्थेच्या वसतिगृहात राहायची आणि घरात फोनची एक पद्धत पडून गेली होती. फोन यायचा तो काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला. नाना शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसत आणि त्याच्याआडून प्रश्न सोडत.

"जेवली का विचार."

"जेवलीस का, बाबा विचारतायत," काकू फोनमध्ये म्हणत आणि मग इकडे, "हो म्हणतेय."

"काम कसं चाललंय विचार."

यावर काकू बराच वेळ 'हं, हं, अगं बाई' करत ऐकत राहायच्या. मध्येच हसायच्या. नाना वर्तमानपत्र खाली करून वाट बघायचे. शेवटी काकू सांगायच्या, "चाललंय म्हणतेय." कुकरभर भात शिजावा आणि आपल्या ताटात एक शीत पडावं, तसा नानांचा वाटा यायचा.

हीच मुलगी लहानपणी शाळेतून आली की दप्तर काढायच्या आत बोलायला लागायची आणि डोळे मिटेपर्यंत थांबायची नाही. "अगं, मध्ये श्वास घे," असं नानांना सांगावं लागायचं. मग ती कॉलेजात गेली, मग आणखी पुढच्या कॉलेजात गेली, आणि कुठल्या तरी वर्षी तिचं बोलणं काकूंमार्फत यायला लागलं. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. नानांनी आयुष्यात दुकानदारांची इतकी भांडणं मिटवली होती. पण जे झालंच नाही ते मिटवायचं कुठून? नानांना मुलीशी बोलावंसं वाटायचं. फार वाटायचं. एखाद्या संध्याकाळी तर इतकं वाटायचं, की ते उठून विनाकारण टाकीची पातळी बघून यायचे.

तर एका गुरुवारी फोन आला. नाना आपल्या जागी, काकू आपल्या जागी, आणि स्वयंपाकघरात दूध गॅसवर. दूध उतू जायला आणि फोन संपायला एकच गाठ पडली. काकू धावता धावता म्हणाल्या, "रविवारी येतेय! पुढच्या आठवड्यात त्यांचा विज्ञान मेळावा आहे. मोफत असतो, कुणीही जावं, शास्त्रज्ञांना भेटावं, वाट्टेल ते विचारावं. त्याच्याच गडबडीत आहे. आणि ते गच्चीवरच्या भिंतीचं, टाकीमागच्या, काहीतरी म्हणत होती."

"काय म्हणत होती?"

"अहो, दूध!" काकू म्हणाल्या आणि विषय दुधात बुडाला.

दुसऱ्या कुठल्याही घरात, काय म्हणत होती ते फोन करून विचारलं असतं. पण या घरात नानांनी मुलीला फोन लावायची पद्धत नव्हती. त्यांनी डोकं चालवलं. मुलगी इतक्या महिन्यांनी घरी येतेय. टाकीमागच्या भिंतीबद्दल बोलतेय. टाकीमागच्या भिंतीवर काय आहे? तिथे टाकी थेंबथेंब गळते आणि त्यावर बोटभर जाड शेवाळ माजलंय. ते दरवर्षी घासायचं राहून जातं, कारण ब्रश पोचत नाही. सेक्रेटरीच्या मुलीला सेक्रेटरीच्या गच्चीची लाज वाटते, याहून दुसरा अर्थ काय असणार? नाना त्याच पावली लांब दांड्याचा तारेचा ब्रश आणायला गेले.

शनिवारचा दिवस भिंतीला वाहिला गेला. इमारतीत कुणी काही करायला घेतलं की सल्ला देणारे न बोलावता वर येतात. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खुर्ची घेऊनच आले. "नाना, खालून वर घासा. वरून खाली घासणारा माणूस आयुष्यात वर येत नाही," असं म्हणून ते बसले. तळमजल्यावरच्या वकिलांनी टाकीची भिंत ही सामायिक मालमत्ता असून तिच्यावरचं शेवाळही सामायिक आहे, तेव्हा ते काढण्याआधी सभासदांची हरकत मागवावी, असं मत दिलं आणि स्वतःची हरकत नाही म्हणून चहा मागितला. संध्याकाळपर्यंत नानांची कंबर गेली, दोन नखं गेली आणि शेवाळ गेलं. भिंत नवरीसारखी उजळली. त्या आनंदात नानांना झोप छान लागली.

मुलगी सकाळी आली. पिशवीत झाकणाचे छोटे डबे, एक बोथट सुरी, पाणी फवारायची बाटली. पाणी पिऊन ती थेट गच्चीवर गेली. नाना मागोमाग गेले. कौतुक ऐकायला माणूस हजर हवा.

ती भिंतीसमोर उभी राहिली. हातातली पिशवी खाली ठेवली. मग तिने विचारलं, "बाबा, इथलं शेवाळ?"

"एक कण ठेवला नाही," नाना म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पांढऱ्या गिलाव्यावरून एकदा हात फिरवला. "असू दे," ती म्हणाली आणि डब्यांची पिशवी उचलून खाली गेली.

बाकीचं नानांना नेहमीच्या मार्गाने कळलं, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभं राहून. मेळाव्यात तिचं एक टेबल होतं. लोकांनी यावं, शेवाळाला हात लावावा, वाळलेल्या शेवाळावर स्वतः पाणी मारून ते डोळ्यांदेखत हिरवं होताना बघावं, अशी तिची कल्पना. संस्थेतलं शेवाळ प्रयोगातलं, त्याला लोकांनी बोट लावायचं नाही. आणि घरच्या गच्चीसारखा मखमलीचा जाड थर तिने दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. "फोनवर सांगितलं होतं ना आई, त्याला कुणी हात लावू नका म्हणून," ती म्हणत होती. काकू म्हणत होत्या, "दूध उतू गेलं गं." वाक्य खरं होतं, पण त्याने कुणाचं समाधान होण्यासारखं नव्हतं.

ती जेवायला थांबली नाही. काम होतं. दारात चपला घालताना "येते बाबा" म्हणाली, अगदी नेहमीसारखं. त्या दोन शब्दांत राग शोधून शोधून नाना दमले. राग सापडला असता तर बरं वाटलं असतं. रागावलेलं माणूस निदान तुमच्याशी काहीतरी बोलत असतं.

त्या संध्याकाळी नानांनी जाहीर केलं, "मी शेवाळ आणणार."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हे वाक्य त्यांनी या तोंडून ऐकलं नव्हतं.

शेवाळ आणणार म्हणणं सोपं. दिवस कोरडे होते आणि अडचणीचं मूळ खुद्द नानाच होते. आपल्या इमारतीत भागेना म्हणून त्यांनी गेल्या काही वर्षांत गल्लीतल्या झाडून सगळ्या सोसायट्यांत फिरून 'भिंत माझी, जबाबदारी माझी' अशी मोहीम चालवली होती. लोक टाळायला बघत, नाना घंटी वाजवत राहात. आता तेच नाना त्याच भिंतींच्या कडेकडेने शेवाळ शोधत फिरायला लागले, आणि प्रत्येक भिंत चकचकीत. एका सोसायटीचा चेअरमन तर त्यांना भिंतीला नाक लावून उभं असलेलं बघून धावतच बाहेर आला. "नाना, मागच्याच महिन्यात घासलीय हो! एक ठिपका सापडणार नाही!" नानांनी हताशपणे त्याचं अभिनंदन केलं.

हेडमास्तर मदतीला धावले. दुपारी ते बादलीभर हिरवा, बुळबुळीत गोळा घेऊन आले. कुणाच्या तरी हौदातून काढला होता. "घ्या. निसर्गात काय कमी आहे?" बादली दारात ठेवताना ती लवंडली आणि निसर्ग जिन्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरला. काकू म्हणाल्या, "हे नव्हे. ती म्हणाली होती, पाण्यातलं बुळबुळीत वेगळं आणि भिंतीवरचं मखमलीसारखं वेगळं. लोक दोन्हीला शेवाळच म्हणतात."

"तिने तुला हे कधी सांगितलं?"

"सांगत असते," काकू म्हणाल्या. नाना जिना पुसायला बसले आणि बराच वेळ पुसत राहिले. पुसता पुसता त्यांना वाटलं, आपल्यालाही कुणीतरी असं सहज, भाजी निवडता निवडता सांगायला हवं होतं.

शेवटी पत्ता लागला तो शहराच्या मोठ्या बागेत. तिथलं एक जुनं कारंजं कधीच बंद पडलं होतं, पण त्याचा नळ पाझरत होता आणि कठड्यावर अस्सल मखमली शेवाळ होतं. नाना रीतसर उद्यान अधीक्षकांपुढे उभे राहिले. चोरून नेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"शेवाळ न्यायचंय? कशाला?"

"मुलीसाठी."

अधीक्षकांनी चष्मा काढला. "मुलींसाठी लोक इथून फुलं चोरतात. शेवाळ पहिल्यांदाच ऐकतोय. पण बागेतली कुठलीही वनस्पती बाहेर नेता येत नाही. नियम आहे."

नियम म्हटल्यावर नाना निम्मे तिथेच पडले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम हवाच." आणि जायला वळले.

असा प्रामाणिक माणूस बघून अधीक्षकांनाच दया आली असावी. "थांबा. कारंज्याची सफाई करायचीये, माणूस नाहीये माझ्याकडे. तुम्ही हौसेने केलीत, तर घासून निघालेलं शेवाळ कचरा होतं. कचरा म्हणजे वनस्पती नव्हे."

"मग कचरा मी नेऊ?"

"छे छे! कचरा बाहेरच्या कुंडीत टाकायचा. कुंडी फाटकाबाहेर आहे. तिच्यातून कोण काय नेतं, ते आमच्या खात्यात येत नाही."

म्हणजे आधी सफाई, मग कचरा, मग कुंडी, मग नाना. खात्यात नोकरी केलेल्या माणसाला यात काहीच वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते घरून उलथनं घेऊन गेले आणि कठड्यावरून शेवाळाचे थर सोडवायला लागले. घासायचं नव्हतं, अख्खं उचलायचं होतं. ब्रशने ओरबाडायची सवय झालेले हात पहिल्यांदा नरम झाले. शेवाळ बोटांना गार लागलं. जवळून बघितलं तर त्यात इवलीइवली पानं होती. इतकी वर्षं आपण हे घासत होतो आणि एकदाही वाकून बघितलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग सगळे थर रीतसर कुंडीत टाकून, फाटकाबाहेर येऊन, इकडेतिकडे बघून ते कुंडीत वाकले.

माणूस कुंडीत वाकला की ओळखीचं कुणीतरी जायचंच. खात्यातले त्यांच्या हाताखालचे एक गृहस्थ नेमके सपत्नीक तिथून चालले होते. ते थांबले. बायकोने नजर वळवली.

"नाना," ते फार हळू म्हणाले, "पेन्शन वेळेवर येतं ना?"

"शेवाळ काढतोय," कमरेपर्यंत कुंडीत असलेले नाना म्हणाले.

"हो, हो, समजू शकतो," गृहस्थ म्हणाले आणि बायकोचा हात धरून झपझप निघून गेले. आपलं नाव आता जुन्या ऑफिसात कुठल्या सुरात घेतलं जाईल, ते नानांना घरी येईपर्यंत ऐकू येत राहिलं.

घरी शेवाळ काकूंच्या स्टीलच्या ताटांत बाल्कनीत मांडलं गेलं. काकू ताटांसाठी बोलल्या, पण थोडंच बोलल्या. नाना समाधानाने बघत बसले. तेवढ्यात एक विचार त्यांना टोचला. हे सगळं कचराकुंडीतून आलंय. उद्या लेक याला हात लावणार. तिच्या हाताला काही झालं म्हणजे? आयुष्यभराची सवय उठून उभी राहिली. नानांनी बादलीभर पाणी घेतलं आणि त्यात एक झाकण, फक्त एकच झाकण, फिनेल टाकलं. एकेक थर त्यात अलगद बुडवून काढताना त्यांच्या मनात मुलीखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी हेडमास्तरांनी प्रश्न तयार करून दिला, कारण शास्त्रज्ञांपुढे रिकाम्या तोंडाने जाणं बरं दिसत नाही: 'शेवाळाचे मानवी जीवनातील स्थान सोदाहरण स्पष्ट करा.' वकिलांनी त्याला दोन उपप्रश्न जोडले. काकू म्हणाल्या, "मी नाही येत. मी रोज बोलते तिच्याशी. तुम्ही जा." आणि चपला घालून उभ्या असलेल्या नानांच्या शर्टाची कॉलर त्यांनी सरळ केली.

फाटकावरच्या स्वयंसेविकेने नानांच्या हातातला खोका बघून सांगितलं, "काका, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"खाणं नाही, शेवाळ आहे."

"मग तो जैविक नमुना झाला. मागचं फाटक."

मागच्या फाटकावर चिठ्ठ्या बांधणारी मुलगी घाईत होती. खोक्याला चिठ्ठीची दोरी पुरेना, तेव्हा तिने ती सरळ नानांच्या गळ्यात अडकवली. त्यामुळे सभागृहात नानांचा प्रवेश झाला तो छातीवर 'जैविक नमुना – हाताळताना काळजी घ्यावी' अशी पाटी मिरवत. लहान मुलं थांबून वाचत होती. एकीने आईला विचारलंही, "हे आजोबा कशाचे आहेत?"

आत प्रचंड गर्दी होती. एका टेबलावर मुंग्यांचं वारूळ काचेत, एकीकडे कुणी मेंदूची प्रतिकृती हातात देत होतं, एकीकडे ताऱ्यांवर काम करणाऱ्या तरुणाला एक बाई मन लावून विचारत होत्या, "याच्यात पुढे नोकरीचं काय?" प्रत्येक टेबलासमोर एक खुर्ची, तिच्यामागे रांग. पाच मिनिटं झाली की स्वयंसेवक घंटा वाजवी आणि खुर्चीतला माणूस उठे. नानांना व्यवस्था आवडली. ते रांगेत उभे राहिले. मुलीचं टेबल पुढे होतं, मध्ये माणसं होती, तिचं लक्ष नव्हतं.

आणि नानांनी तिला बोलताना ऐकलं.

खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ मक्याच्या लाह्या खात बसले होते. ती त्यांना सांगत होती, हात हलवत, पुढे झुकत, मध्येच स्वतःच हसत, पुढच्या वाक्याच्या घाईत आधीचं वाक्य अर्धं सोडत. दप्तर काढायच्या आत बोलणारी तीच. कुठे गेली नव्हती ती. इथे होती, रोज असणार, रोज कुणाशी तरी अशीच बोलत असणार. लाह्या खाणाऱ्या त्या परक्या माणसाचा नानांना इतका हेवा वाटला, की त्यांना स्वतःचीच शरम वाटली. तो तर धड ऐकतही नव्हता. लाह्या मोजत होता.

नानांची पाळी आली. ती मान खाली घालून टेबल पुसत होती. "या, बसा. काय विचारायचंय तुम्हाला?" म्हणत तिने वर बघितलं. "बाबा?"

"शेवाळ आणलंय," नाना म्हणाले आणि खोका पुढे सरकवला.

तिने झाकण उघडलं. आतले थर तपकिरी, मलूल पडले होते. ती वाकली आणि एकदम मागे झाली. "बाबा, याला फिनेलचा वास येतोय."

"एकच झाकण टाकलं. कुंडीतलं होतं. तुझ्या हाताला काही व्हायला नको म्हणून."

तिने झाकण परत लावलं. मग तिची नजर गळ्यातल्या पाटीवर गेली आणि ती हसायला लागली. तोंडावर हात धरून, खुर्ची मागे ढकलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारच्या टेबलावरचे मुंग्यावाले वळून बघायला लागले. "मेलं हो सगळं," ती हसता हसता म्हणाली. "तुम्ही दोन वेळा मारलंत, बाबा. एकदा ब्रशने, एकदा मायेने."

नानांनाही हसू आलं. मग त्यांनी टेबलाकडे बघितलं. तिच्यापुढे एका बशीत हिरवा तुकडा होता, लहानसा, संस्थेच्या उपाहारगृहामागच्या मोरीतून आणलेला. तिचं काम अडलं नव्हतं. म्हणजे शेवाळ आणायची काही गरजच नव्हती. हे कळलं तेव्हा नानांना हातात काहीच उरलं नाही असं वाटलं. तेवढ्यात घंटा झाली.

नाना उठले.

"बसा ना बाबा."

"मागे लोक आहेत. नियम म्हणजे नियम," नाना म्हणाले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

"काका, तुमचं झालं ना?" स्वयंसेवकाने विचारलं.

"झालं कुठे? आत्ता तर सुरुवात आहे."

दुसऱ्या पाळीला त्यांनी हेडमास्तरांचा प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. उपप्रश्नांना हसली. तिसऱ्या पाळीला त्यांनी विचारलं, मुळं नसतात तर पाणी कुठून पितं. चौथ्या पाळीपर्यंत दुपार कलली होती, रांग संपली होती, सभागृहाच्या त्या टोकाला खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात झाली होती. स्वयंसेवकाने घंटा टेबलावर ठेवली आणि तो पाणी प्यायला गेला.

"आता काय विचारायचंय?" ती म्हणाली.

नाना खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "प्रश्न संपले."

"मग?"

"मग काही नाही. बसलोय."

तिने बशी बाजूला सरकवली. "बाबा, एक विचारू? इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, मी काय करते ते. आईकडून विचारता, जेवले का, काम कसं चाललंय. मला वाटायचं, तुम्हाला यात काही गोडी नाही. शेवाळच ते शेवटी. तुम्ही घासून टाकता ते."

नानांनी उत्तर जुळवून बघितलं. खात्यातल्या भाषेत ते बसत नव्हतं. "भीती वाटायची," ते म्हणाले. "तू सांगशील आणि मला कळणार नाही. मग तुझ्या लक्षात येईल, बापाला कळत नाहीये. मग तू बेताबेताने सांगशील, मग सांगायचीच थांबशील. त्यापेक्षा आईला विचारलेलं बरं. तिला कळलं नाही तरी तू तिला सांगत राहतेस."

"आईला काही कळत नाही, बाबा. ती मध्येच भाजी काय केलीस विचारते."

"पण तू बोलत राहतेस ना."

तिने मान हलवली. डोळे पुसले, यावेळी हसून पाणी आलेलं नव्हतं. मग तिने खुर्ची पुढे ओढली, बशी त्यांच्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "बरं. बघा. हे वाळायला लागतं ना, तेव्हा आत काय होतं माहितीये?"

आणि तिने सुरुवात केली. लोकांना सांगायचं ते नव्हे, तिचं खरं काम. कुठली कसली साखर पेशींत साठते, पाणी परत आल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय काय मोडलेलं दुरुस्त होतं, त्यातलं कुठलं आधी आणि कुठलं मागून हे कुणालाच माहीत नाही, आणि तेवढंच शोधण्यात तिची कितीतरी वर्षं गेलीत, आणि अजूनही ते हाताशी येऊन निसटतं. हात हलत होते. अर्धी वाक्यं मागे पडत होती. स्वयंसेवक येऊन म्हणाला, "काका, खुर्ची न्यायचीये." नाना उठले आणि खुर्ची त्याला देऊन उभे राहिले. थोड्या वेळाने त्याने तिचीही नेली. तीही उभी राहून बोलत होती.

ती थांबली. त्यांच्याकडे बघायला लागली. नानांना मान डोलवता आली असती. डोलवावी असं त्यांना वाटलंही; आजवर सगळ्या साहेबांपुढे त्यांनी तशीच डोलवली होती.

"मला यातलं काही कळलं नाही," नाना म्हणाले. "पुन्हा सांग."

आणि तिने अगदी पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं.